पंडिता रमाबाई आणि बाजरीची भाकरी



५ एप्रिल हा पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन. १९२२ साली याच दिवशी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांनी देह ठेवला. हा दिवस बहुधा प्रायश्चित्तकाळात किंवा पुनरुत्थानाच्या सणाच्या आसपास येतो. म्हणून या वेळी आपल्या पत्रिकेत त्यांची ओळख करून घेऊ.

ओळख तशी सर्वांनाच आहे. शाळेच्या पुस्तकात त्या आपल्याला भेटल्या आहेत. संस्कृतच्या मोठ्या विदुषी, विधवांसाठी आश्रम काढणाऱ्या समाजसुधारक, ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मण स्त्री, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण त्यांच्या आयुष्याचा एक धागा पुस्तकांत सहसा दोन ओळींत उरकला जातो. तो धागा म्हणजे भूक. रमाबाई उपाशी राहिल्या होत्या. उपवास म्हणून नव्हे, तर खायला काहीच नाही म्हणून. त्यांचे पुढचे सारे काम समजून घ्यायचे असेल, तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

२३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातल्या गंगामूळ नावाच्या जंगलातील आश्रमात रमाचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे पंडित होते. बायकांना संस्कृत शिकवू नये असे मानण्याच्या काळात त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. त्यावरून त्यांना धर्मपंडितांपुढे जाब द्यावा लागला, पण ते मागे हटले नाहीत. आश्रमात विद्यार्थी असत, वाटसरू येत, सगळ्यांचे जेवणखाण शास्त्रीबुवांकडेच. त्यात होते नव्हते ते संपले. रमा सहा महिन्यांची असताना कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. वेताच्या मोठ्या पेटाऱ्यात तिला ठेवून तो एका माणसाच्या डोक्यावर दिला होता. त्यानंतर या कुटुंबाला कायमचे घर असे लाभलेच नाही. देवळात किंवा घाटावर बसून पुराण सांगायचे, ऐकणारे धान्य, वस्त्र, चार पैसे ठेवत, त्यावर गुजराण करायची. पुष्कळ मिळे तेव्हा पुष्कळ दानधर्मही होई. रमाला आईनेच शिकवले. बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे हजारो श्लोक तिला पाठ झाले होते.

मग दुष्काळ आला. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात अशी वेळ आली, की पुराण ऐकायला माणसेच उरली नाहीत. जी होती त्यांच्या घरात द्यायला मूठभर धान्य नव्हते. दागिने विकले, चांगली वस्त्रे विकली, शेवटी स्वयंपाकाची तांब्यापितळेची भांडीही विकली. भांडी विकणे म्हणजे काय, ते आपल्या आजीला विचारावे. चूल पेटायचीच नाही, हे ठरल्यावरच माणूस भांडी विकतो.

भीक मागायची नाही हा शास्त्रीबुवांचा बाणा होता. अंगमेहनतीचे काम करायची सवय नव्हती आणि ते आपले काम नव्हे अशी समजूतही होती. पुढे रमाबाईंनी या समजुतीवर कठोर टीका केली. एवढे शिकलेले चार-पाच जणांचे कुटुंब, पण पोटापुरते कमावण्याचा एकही मार्ग त्यांना माहीत नव्हता. तिरुपतीजवळच्या जंगलात झाडपाला खाऊन त्यांनी दिवस काढले. एका पवित्र तळ्यात सर्वांनी देह सोडावा, असेही वडिलांनी ठरवले होते. थोरला भाऊ श्रीनिवास आडवा आला. मी हमाली करीन, पण तुम्हाला जगवीन, असे त्याने सांगितले. वडिलांनी विचार सोडला, पण शरीराने साथ सोडली होती. थोड्याच दिवसांत ते वारले. शेवटच्या यात्रेला खांदा द्यायला कोणी आले नाही. श्रीनिवासाने वडिलांचा देह धोतरात गुंडाळला आणि एकट्याने तो वाहून नेला.

आई, भाऊ, बहीण आणि रमा चालत चालत रायचूरला पोहोचली. आई तापाने फणफणली होती. तिला खायची इच्छा झाली. रमाचे वय तेव्हा सोळाच्या आसपास. शेजारच्या एका बाईकडे बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला ती गेली. दारापर्यंत गेली खरी, पण तोंडातून शब्द फुटेना. मागायचे कसे हे तिला कोणी शिकवलेच नव्हते. डोळ्यांत पाणी उभे राहिले. त्या बाईने चेहरा पाहिला आणि न मागता भाकरी दिली. रमा धावत आईकडे आली. पण तोपर्यंत आईची खाण्याची शक्ती संपली होती. ती शुद्धीवर नव्हती. भाकरी हातातच राहिली.

आईला न्यायला दोन माणसे कशीबशी मिळाली. तिसरा श्रीनिवास. चौथे माणूस नव्हते, म्हणून रमा पुढे झाली. उंची कमी पडत होती. म्हणून तिने तिरडीचा दांडा खांद्यावर न घेता डोक्यावर घेतला आणि स्मशानापर्यंतचे काही मैल तशीच चालली. काही महिन्यांनी बहीणही गेली.

आपण रोज प्रभूच्या प्रार्थनेत आजची भाकर मागतो. इतक्या वेळा मागतो, की मागतो आहोत हे ध्यानातही राहत नाही. रमाबाईंना हे शब्द पुढे भेटले. ते म्हणताना त्यांना रायचूरचे ते दार आठवत असेल की नाही, हे आपण कोण सांगणार? पण ज्याला आयुष्यात एकदा तरी खरोखर मागावी लागली, त्याची प्रार्थना आपल्यापेक्षा निराळी असणार, एवढे खास.

भाऊबहीण पुढे हजारो मैल पायी हिंडले. पसाभर धान्य पाण्यात भिजवून मिठाबरोबर खायचे, पांघरूण नसले की थंडीच्या रात्री नदीकाठी वाळूत खड्डा करून अंगावर वाळू ओढून पडायचे, असे ते दिवस होते. याच वर्षांत, १८७६ ते १८७८ या काळात, दक्षिणेत आणि दख्खनेत त्याहून मोठा दुष्काळ पडला. लाखो माणसे मेली. आणि १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर करण्यासाठी मोठा दरबार भरला, मेजवान्या झडल्या. आपल्या नागपूरशी त्या तारखेचे नाते आहे. त्याच दिवशी जमशेटजी टाटांची कापडगिरणी इथे सुरू झाली आणि राणीच्या नव्या पदवीवरून तिला एम्प्रेस मिल हे नाव पडले. गिरणीने नागपुरातल्या हजारो घरांना पिढ्यान्‌पिढ्या रोजगार दिला, तो भाग वेगळा. पण ज्या काळात माणसे रस्त्याकडेला मरत होती, त्या काळात हिंदुस्थानातला गहू जहाजांत भरून विलायतेला जातच होता. धान्य नव्हते असे नाही. ज्यांना हवे होते त्यांच्याजवळ ते विकत घ्यायला पैसा नव्हता. दुष्काळाचे हे गणित तेव्हाही असेच होते आणि आजही पुष्कळ देशांत असेच आहे.

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्याला पोहोचली आणि एकदम सारे पालटले. वीस वर्षांच्या या मुलीचे संस्कृत ऐकून तिथले विद्वान थक्क झाले. त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी आंतरजातीय विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. १८८२ मध्ये पटकीने पती गेले. तेविसाव्या वर्षी वैधव्य, कडेवर मूल. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाबद्दल साक्ष दिली आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या.

वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात त्या राहिल्या. या भगिनी लंडनमधील फुलहॅम येथे, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी आश्रम चालवीत. तो पाहून रमाबाई हेलावल्या. अशा स्त्रियांना जवळ करणारे कोणी त्यांनी आधी पाहिले नव्हते. असे का करता, असे विचारल्यावर त्यांना शमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा आणि चिमुकल्या मनोरमाचा बाप्तिस्मा झाला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण कोणी तरी विचारणारच. रमाबाई कॅथलिक नव्हत्या. त्यांचा बाप्तिस्मा अँग्लिकन चर्चमध्ये झाला आणि पुढे त्या कोणत्याच एका पंथाच्या चौकटीत फारशा बसल्या नाहीत. वाँटेजच्या भगिनींशीही त्यांचे सिद्धांतांवरून खटके उडाले. जेवणावरूनदेखील कुरबूर झाली, कारण रमाबाई शुद्ध शाकाहारी होत्या आणि ख्रिस्ती झाले म्हणजे ताटही इंग्रजी झाले पाहिजे, हे त्यांना कबूल नव्हते. मला तर त्यांचा हा हट्ट आवडतो.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त होते त्यांच्या नात्यातील आनंदीबाई जोशी यांच्या डॉक्टरकीच्या पदवीदानाचे. राहिल्या मात्र दोन वर्षांहून अधिक. शाळा, वाचनालये, स्त्रियांच्या संस्था, घराघरातील सुखसोयी, सारे बारकाईने पाहिले. त्यावर मराठीत पुस्तक लिहिले, ते १८८९ मध्ये निघाले. अमेरिकेचे कौतुक त्यात भरपूर आहे. पण त्या समृद्ध देशात काळ्या लोकांना आणि तिथल्या मूळ रहिवाशांना कसे वागवले जाते, हेही त्यांनी झाकून ठेवले नाही. श्रीमंती पाहून दिपून जायचे नाही आणि उगाच नाकही मुरडायचे नाही, हे परदेशी जाऊन आलेल्या फार थोड्यांना जमते.

तिथेच बोस्टनमध्ये १८८७ साली रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिच्या मंडळांतील सभासद वर्षाला एक डॉलर, असा दहा वर्षांचा शब्द देत. म्हणजे मोठ्या देणगीदारांच्या जोडीला पुष्कळ साध्या बायकांची छोटी वर्गणी होती. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. पुढे ते पुण्याला हलवले. बालविधवांना तिथे शिक्षण आणि माया दोन्ही मिळे. पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केलेल्या आनंदीबाई तिथल्याच सुरुवातीच्या विद्यार्थिनी. १८९३ मध्ये मुलींना ख्रिस्ती केले जाते असा गदारोळ उठला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तो वाद मोठा आहे, त्याला दोन्ही बाजू आहेत. इथे त्यात शिरायला जागा नाही.

दहा वर्षांची मुदत १८९८ ला संपणार, हे रमाबाईंच्या डोक्यात पक्के होते. अमेरिकेतून पैसा कायम येईल या भरवशावर त्या बसल्या नाहीत. पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगावला त्यांनी सुमारे १०० एकर माळरान घेतले. तिथे विहिरी खोदल्या, फळझाडे लावली. या बागेच्या उत्पन्नावर सदन चालवायचे, असा बेत होता. ज्या मुलीच्या घरच्यांना हाताने कमावण्याचा एकही मार्ग माहीत नव्हता, ती आता शेतीचे हिशेब करत होती.

आणि मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. या वेळी सर्वांत मोठा तडाखा बसलेल्या भागांत होता आपला मध्य प्रांत. नागपूर तेव्हा त्याची राजधानी. १८९१ आणि १९०१ या दोन शिरगणत्यांची तुलना केली, तर दहा वर्षांत या प्रांताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटलेली दिसते. सरकारने खडी फोडण्याची कामे काढली होती, अनाथालये उघडली होती. परंतु खडी फोडायला अंगात त्राण नसलेल्यांचे काय? आणि आईबाप गेलेल्या मुलींचे काय? अशा मुलींना फूस लावून नेणारे दलाल त्या छावण्यांभोवती घिरट्या घालत होते.

पुण्यात ही बातमी आली तेव्हा रमाबाईंच्या हाती फारसे काही नव्हते. असोसिएशनचा पैसा ठरलेल्या कामासाठी होता, त्यातून दुष्काळाला देता येत नव्हते. त्या स्वतः लिहितात, की आपल्याला हे झेपणार नाही असे आधी वाटले होते. पण मग त्यांना स्वतःचे ते दिवस आठवले. १८९७ च्या सुरुवातीला त्या मध्य प्रांतात आल्या, छावण्या आणि अनाथालये फिरल्या, आणि सुमारे ३०० मुली सांभाळायच्या असे ठरवून कामाला लागल्या. पैसा कुठून येणार, हे त्यांनाच ठाऊक नव्हते.

मुली आणल्या खऱ्या, पण पुण्यात प्लेग सुरू झालेला. एवढ्या मुली शहरात ठेवायला अधिकाऱ्यांची मनाई होती. तेव्हा सगळ्यांना घेऊन त्या केडगावच्या माळावर गेल्या. झोपड्या उभ्या केल्या. काही मुली इतक्या खंगलेल्या होत्या, की अन्न समोर येऊनही वाचल्या नाहीत. फार काळ उपाशी राहिलेल्याला एकदम पोटभर देता येत नाही. थोडेथोडे, पातळ, वेळेवर द्यावे लागते. हे काम पैशाने होत नाही, रात्र-रात्र कोणी तरी जागावे लागते. या मुलींजवळ जागायला शारदासदनातल्या विधवा होत्या. काल ज्यांना घरचे अपशकुनी म्हणत होते, त्या आज वीस-वीस मुलींच्या आया झाल्या.

१८९८ मध्ये या वस्तीला मुक्तिसदन हे नाव मिळाले. पाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ आला, ज्याला जुनी माणसे छप्पन्नचा दुष्काळ म्हणत. या वेळी गुजरात आणि राजपुतान्यात हाहाकार होता. रमाबाईंनी आपल्या बायका तिकडे धाडल्या. ज्या स्वतः तीन वर्षांपूर्वी दुष्काळातून आल्या होत्या, त्यांतल्याही काही आता दुसऱ्यांना आणायला हातभार लावत होत्या. १९०० च्या सुमारास केडगावात सुमारे १,९०० माणसे होती.

एकोणीसशे माणसांचा रोजचा स्वयंपाक! आपल्या धर्मग्रामाच्या सणाला चार-पाचशे पाने उठवताना स्वयंपाकघरात काय धांदल उडते, ते मंडळातल्या बायकांना विचारा. तिथे हे रोज, आणि दोन वेळा. दळण घरचे, भाजी मळ्यातली, दूध गोठ्यातले, तेल घाण्याचे. कापड विणणे, कपडे धुणे-शिवणे, छपाई, शेती, यांपैकी काही तरी प्रत्येकीला शिकावेच लागे. शारदासदनात पूर्वी ब्राह्मण मुलींसाठी सोवळेओवळे पाळले जाई. मुक्तिसदनात जातवार पंगती नव्हत्या. आणि शिकलेली बाई जात्यावर बसणार नाही, असेही चालत नव्हते. अनंतशास्त्र्यांच्या मुलीने वडिलांची विद्या घेतली, आईची माया घेतली आणि कामाची लाज मात्र त्या जंगलातच सोडली. रमाबाई स्वतः पांढरे जाडेभरडे लुगडे नेसत, साधे शाकाहारी जेवत. कृपासदन नावाचा विभाग त्यांनी फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी काढला. फुलहॅमला पाहिलेले त्या विसरल्या नव्हत्या. मनोरमेने अंध मुलींना ब्रेल शिकवण्याची सोय केली.

टीका थांबली नाही. अन्न दाखवून माणसे बाटवली, हा आरोप रमाबाईंवर आयुष्यभर झाला, आजही होतो. त्याकडे दुर्लक्ष करण्यात प्रामाणिकपणा नाही. उपाशी मुलीला निवड करण्याचे स्वातंत्र्य कितपत असते, हा प्रश्न खराच आहे. पण त्या मुली ज्या छावण्यांत होत्या, तिथे त्यांच्यासमोर दुसरे पर्याय कोणते होते, हाही तितकाच खरा प्रश्न आहे. आपल्याला तर हा विषय परका नाही. १८८७ मध्ये स्थापन झालेला आपला नागपूर धर्मप्रांत तेव्हा अवघा दहा वर्षांचा होता. कॅथलिक मिशननेही त्या दुष्काळांत अनाथ मुले सांभाळली. मध्य भारतातल्या काही जुन्या ख्रिस्ती कुटुंबांची मुळे अशा अनाथाश्रमांत सापडतात. रविवारी आपल्या बाकावर शेजारी बसलेल्या कोणाची खापरपणजी अशीच एखाद्या छावणीतून आणलेली असू शकेल. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारून पाहावे. हे सांगायला पूर्वी लोक लाजत. लाजण्यासारखे त्यात काय आहे?

आता थोडे आपल्या ताटाकडे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाचा २०२४ चा अहवाल सांगतो, की २०२२ या एका वर्षात जगभर घरे, हॉटेले आणि दुकाने मिळून १०० कोटी टनांहून जास्त अन्न वाया गेले. ग्राहकांपर्यंत पोहोचलेल्या अन्नाचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा. त्यातला ६० टक्के वाटा हॉटेलांचा नाही, घरांचा आहे. म्हणजे आपल्यासारख्यांच्या फ्रीजचा आणि ओट्याचा. दुसरीकडे २०२३ मध्ये जगात सुमारे ७३ कोटी माणसे उपाशी होती, असा संयुक्त राष्ट्रांचाच अंदाज आहे. हे आकडे इतके मोठे आहेत, की मन बधिर होते. म्हणून जवळचे पाहू. नागपूरहून मोटारीने चार-पाच तासांवर मेळघाट आहे. तिथल्या कुपोषित बालकांच्या बातम्या १९९० च्या दशकापासून आपण वाचत आलो. आणि आपल्या शहरातला कचरा जातो भांडेवाडीला. लग्नसराईत त्या ढिगात काय-काय असते, ते कचरा वेचणाऱ्यांना पक्के ठाऊक आहे.

लग्नाच्या बुफेत आपण ताट भरतो, पुलाव, दोन भाज्या, तीन गोड पदार्थ, आणि अर्धे ताट टबात रिकामे करतो. यजमानाला कमी पडले असे वाटू नये म्हणून तोही दीडपट करायला सांगतो. प्रथम कम्युनियनच्या जेवणावळीही आता याच वाटेने चालल्या आहेत, हे बोलायला नको वाटते, पण बोलले पाहिजे. आपल्या आया शिळ्या पोळीचा कुस्करा करत. त्याला लसूण-मोहरीची फोडणी बसली, की आम्ही मुले ताज्या पोळीपेक्षा त्यावर तुटून पडत असू. आता घराघरात कुस्करा करायला लाज वाटते आणि पोळ्या पिशवीत बांधून कचरागाडीत टाकायला वाटत नाही. नळाचेही तसेच. पेंचचे पाणी घरात येते, नळ फिरवला की धार. सत्तेचाळीस अंशांच्या उन्हात हंड्यासाठी मैलभर चालणारी बाई विदर्भात अजूनही आहे, हे आपल्याला नळ चालू ठेवून भांडी घासताना आठवत नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ५ जून २०१३ रोजी, पर्यावरणदिनाच्या भेटीत, वाया घालवलेले अन्न हे गरिबाच्या ताटातून चोरल्यासारखे आहे, अशा अर्थाची शिकवण दिली होती. कोणाला हे जड वाटेल. आम्ही तर आमच्या पैशाने आणले, चोरी कशी? याच प्रश्नाचे उत्तर शोधताना मला १८७७ ची ती गव्हाची जहाजे आठवतात. तो गहूसुद्धा कोणी तरी रोख पैसे मोजूनच नेला होता.

रमाबाईंच्या शेवटच्या वर्षांतले मोठे काम निराळेच होते. खेड्यातल्या बाईला समजेल अशा सोप्या मराठीत बायबल आणायचे त्यांनी मनावर घेतले. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला. छपाई मुक्तिसदनाच्याच छापखान्यात, तिथल्याच मुलींच्या हातून. दुष्काळातून आलेल्या, अक्षरओळख नसलेल्या मुली आता खिळे जुळवत होत्या. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली. चाळीस वर्षांची, आईच्या कामाची खरी वारसदार. तो घाव मोठा होता, तरी भाषांतर त्यांनी सोडले नाही. नऊ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ च्या पहाटे, रमाबाई गेल्या. पुस्तक छापून बाहेर पडले ते १९२४ मध्ये.

केडगावचे मुक्ती मिशन आजही चालू आहे. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीने केडगाव स्टेशनवर उतरता येते.